काळी गेली, पांढरीचा देव राहिला

चैत्री पौर्णिमेला पुण्याजवळच्या हिंजवडीहून ग्रामदैवत म्हातोबाचं बगाड निघतं आणि वाकडला पोचतं. मुळशीच्या जंगलातून आणलेलं लाकूड, त्यावर गळ टोचून घेतलेला, मानाच्या घराण्यातला गळकरी, भोवती ‘चांगभलं’चा गजर. वाट जुनीच आहे. दुतर्फा शेतं होती, तिथं आता इमारती आहेत.

वाकड 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. हिंजवडीचा कारभार ग्रामपंचायतीकडेच राहिला, पण नव्वदचं दशक सरता सरता तिथल्या शिवारात एमआयडीसीचं आयटी पार्क उभं राहू लागलं. बगाड आता पंचायतीच्या हद्दीतून निघून महापालिकेच्या हद्दीत येतं. देवाच्या दृष्टीनं दोन्ही गावं एकच.

जुन्या बोलीत गाव म्हणजे पांढरी आणि काळी. पांढरीवर वस्ती, काळीत पीक. ग्रामदैवतानं शीव राखायची, पाऊसपाणी बघायचं, गुराढोरांना आणि लेकराबाळांना रोगराईपासून जपायचं. बदल्यात गावानं वर्षाला यात्रा करायची. मग काळीच विकली गेल्यावर या देवानं राखायचं काय?

‘आता उरली ती नुसती परंपरा’ हे उत्तर सोपं आहे, पण पुरं नाही. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासची देवस्थानं पायी हिंडले. 1962 च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’त त्यांनी दाखवलं की कित्येक मातृदेवतांची ठाणी गावात नसून जुन्या वाटांच्या तिठ्यांवर आहेत, नांगरटीची वस्ती त्यांच्या नंतरची. पुरंदर तालुक्यातल्या वीरच्या म्हस्कोबाची कथाही वाटेचीच आहे. कमळाजी धनगर दूरच्या सोनारीच्या भैरवाला चालत जात असे. म्हातारपणी त्याला चालवेना, तेव्हा देवच त्याच्या मागोमाग वीरला आला. अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी आयुष्यभर अभ्यासलेल्या धनगरी दैवतांत असे स्थलांतर केलेले देव वारंवार भेटतात. भक्त मुक्काम हलवतो, देव त्याच्यापाठी येतो, आणि मग त्या मुक्कामाचं गाव होतं.

म्हणजे देव गावाला बांधलेला असतो, हे अर्धंच खरं. त्याला बांधून ठेवतं ते माणसांनी अंगावर घेतलेलं काम: लाकूड आणणं, खांदा देणं, उपास धरणं, गळ टोचून घेणं.

पेच इथेच आहे. सोसायटीत राहायला आलेल्या लातूरच्या किंवा नागपूरच्या कुटुंबाला म्हातोबाचं दर्शन कुणी नाकारत नाही. मान मात्र घराण्यांचे, पिढीजात. ज्यांची जमीन गेली त्यांनी हा मान घट्ट धरावा, हे समजण्यासारखं आहे. सातबाऱ्यावरून नाव उतरलं तरी यात्रेत ते अजून पुकारलं जातं. तो हक्क काढून घेणं अन्यायच ठरेल. पण कमळाजीच्या कथेत देव मुळच्या रहिवाशाकडे गेला नव्हता. दूरवरून चालत येणाऱ्याची त्याला कणव आली होती.

बगाड पुढे सरकतं तेव्हा नव्या इमारतींच्या गॅलऱ्यांत माणसं उभी असतात. कुणी मोबाइलवर चित्रीकरण करतं, कुणी हात जोडतं, एखादी आई कडेवरच्या पोराला म्हणते, ‘जय कर बाप्पाला.’ त्या पोराचं जन्मगाव वाकड असतं. मोठेपणी कुणी गाव विचारलं, तर ते वाकडच सांगेल.