गरज दहा वर्षांची, सौदा जन्माचा

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीच्या कडेला जे उभे राहत आहे त्याला उपनगर म्हणायला अजून कोणाची जीभ वळत नाही. लोक त्याला ‘प्लॉटिंग’ म्हणतात आणि तो शब्द जास्त खरा आहे, कारण तिथे घरांच्या आधी प्लॉट येतात आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे प्लॉटच राहतात. मराठवाड्यातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावांना अशी कड फुटली आहे. कालपरवापर्यंत सोयाबीन आणि हळद पिकवणारे रान, त्यात मुरूम टाकून पाडलेले रस्ते, चुना फासलेले हद्दीचे दगड, स्लॅबपर्यंत येऊन थांबलेले एखादे घर आणि दाराशी शाळेची दप्तरे. अशा वस्त्या वयाने तरुण असतात: तिशीतले आईबाप, पहिली ते दहावीतली मुले. म्हातारी माणसे कमी, कारण ती मागे गावात राहिलेली असतात. तरुण वस्ती म्हणजे वाढणारी वस्ती आणि वाढणारी वस्ती म्हणजे चढता भाव, असा सरळ हिशेब त्यावरून मांडला जातो. तो हिशेब चुकतो, असे माझे ठाम मत आहे. इथे येणाऱ्या कुटुंबाची घराची गरज दहा-बारा वर्षांची असते आणि बाजार त्याच्या हातात जन्मभराची मालकी ठेवतो.

ही तरुणाई कुठून येते ते आधी पाहिले पाहिजे. ती पाळण्यांतून येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे; एका पिढीची जागा दुसऱ्या पिढीने घ्यायला तो २.१ च्या आसपास लागतो. २००१ मध्ये राज्याच्या लोकसंख्येत सहा वर्षांपर्यंतची मुले १४ टक्के होती, २०११ मध्ये ती १२ टक्क्यांच्याही खाली आली. याच दशकात हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ९ लाख ८७ हजारांवरून ११ लाख ७७ हजारांवर गेली खरी, पण त्यातले जेमतेम १५ टक्के लोक शहरी होते, तर राज्यात हे प्रमाण ४५ टक्के होते. म्हणजे परभणीतून १९९९ साली वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात खेड्यांतून तालुक्याच्या गावाकडे सरकायला पुष्कळ माणसे शिल्लक आहेत. तीच आता सरकत आहेत आणि त्यामागे रोजगारापेक्षा शाळेची ओढ मोठी आहे. खेड्यातली शाळा चौथीला किंवा सातवीला संपते, पुढचे इंग्रजी-गणित तालुक्याला. मग आई मुलांना घेऊन तालुक्याला खोली करते, बाप शेतीसाठी गावात थांबतो किंवा मोटारसायकलवर येऊन-जाऊन करतो, आजी-आजोबा वाड्याला कुलूप लागू नये म्हणून मागे राहतात. एकाच कुटुंबाच्या दोन चुली होतात. नव्या वस्तीच्या तरुणपणाचा आणि जुन्या गावाच्या म्हातारपणाचा उगम असा एकाच घरात आहे, आणि म्हणून हे दोन वेगळे प्रश्न मानून त्यांची उत्तरे शोधता येत नाहीत.

गरज खोलीची असताना प्लॉट का विकला जातो, याचे उत्तर शेतीच्या हिशेबात आहे. महाराष्ट्रात वहिवाटीच्या शेतजमिनीचा सरासरी आकार १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होता. २०१५-१६ च्या कृषी गणनेत तो १.३४ हेक्टरवर आला. एका एकरात कोरडवाहू सोयाबीन चांगल्या सालात १० क्विंटल धरले, तर २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने हाती येतात ५३ हजार रुपये, तेही बी, खत, फवारणी आणि मळणी वजा न करता. त्याच एकराचे होतात ४३,५६० चौरस फूट. रस्ते आणि मोकळी जागा सोडून हजार-हजार फुटांचे पंचवीसेक प्लॉट पडतात. प्रत्येकी लाखभराने गेला असे नुसते समजून चालले, तरी ती रक्कम जवळजवळ ४७ वर्षांच्या सोयाबीनच्या ढोबळ आवकेइतकी होते. रस्त्याकडेला ज्याचे रान आहे त्याने प्लॉट पाडले म्हणून त्याला दोष देणे अन्यायाचे आहे. दोष असेल तर व्यवस्थेचा आहे. रीतसर मार्ग म्हणजे आजवर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली अकृषिक परवानगी, मंजूर ले-आऊट, आणि ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेचे प्लॉट पाडायचे तर महारेराकडे नोंदणी. हा मार्ग लांबचा आणि खर्चाचा, म्हणून आडवाटा रूढ झाल्या. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा गुंठा-दोन गुंठ्यांचे खरेदीखत होऊ देत नव्हता, तर माणसे शंभर रुपयांच्या बाँडवर व्यवहार करू लागली. मग २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढली, आणि आता तुकडेबंदीही सैल होत आहे. प्रत्येक वेळी आधी वस्ती आणि मागून कायदा. यात गरिबाची सुटका होते हे खरे, पण त्याबरोबर बाजाराला एक संदेश जातो की आज रस्ता, गटार, मोकळी जागा न सोडता विकले तरी उद्या ते पोटात घातले जाईल.

आता दहा-बारा वर्षांचे काय होते ते पाहा. दहावी झालेला मुलगा कळमनुरीत थांबत नाही. तो लातूरला किंवा नांदेडला शिकवणीला जातो, तिथून संभाजीनगर किंवा पुणे. मुलगी नर्सिंग किंवा फार्मसी करते, लग्न होऊन जाते. नोकरी लागली की पुण्याच्या कडेला, मोशी, चिखली, चाकण, वाघोलीकडे, दोन खोल्यांचा फ्लॅट आणि वीस वर्षांचे हप्ते. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात सुमारे १० लाखांवरून १७ लाखांवर गेली. मुंबईच्या टोकाचे कुळगाव-बदलापूर ९८ हजारांच्या आसपास होते ते पावणेदोन लाखांकडे पोचले. वाघोली तर २०२१ च्या जूनमध्ये पुणे महापालिकेत घेतली गेली, तेव्हा तिथे शहर आधीच उभे होते. कळमनुरीच्या कडेला जे छोट्या प्रमाणावर घडते, तेच या उपनगरांत मोठ्या प्रमाणावर घडते: एका वयाची माणसे, एकाच दशकात, एकाच कारणाने येऊन राहतात. एका कुटुंबाच्या नावावर मग तीन ठिकाणे होतात, गावातला वाडा, तालुक्याचा प्लॉट आणि पुण्याचा फ्लॅट, आणि दिवा मात्र एका ठिकाणी लागतो. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी सापडली होती. त्याच सुमारास केंद्राच्या तज्ज्ञ गटाने शहरी घरांची टंचाई १ कोटी ८८ लाखांच्या घरात मोजली, आणि त्यातली ९५ टक्क्यांहून अधिक टंचाई दुर्बल व अल्प उत्पन्न गटांतली होती. रिकामी घरे आणि बेघर माणसे शेजारी शेजारी असतात, कारण आपण घर साठवणीसाठी बांधतो आणि ज्याला राहायचे आहे त्याला ते परवडत नाही.

यावर पहिली हरकत ज्याने हयातभर शेती केली तो घेईल, आणि ती हलकी नाही. तो म्हणेल की बँकेत ठेवलेला पैसा पतसंस्था बुडाली की जातो, सोने चोरीला जाते, पीक पावसाच्या हाती. प्लॉट कोणी उचलून नेत नाही. मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला, म्हातारपणाला तोच उपयोगी पडतो. हे अनुभवाचे बोल आहेत. पण प्लॉट उपयोगी पडतो तो विकल्यावर, आणि विकण्यासाठी आपल्या मागून येणारा घेणारा लागतो. आजवर तो सहज मिळाला, कारण प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा मोठी होती. १.७ च्या जननदरात पुढची पिढी लहान असणार, आणि खेड्यांतून तालुक्याला येण्याचा ओघही एकदाच होणारा आहे; जे गाव एकदा रिकामे झाले ते दुसऱ्यांदा माणसे पुरवू शकत नाही. कोकणाने हे आधी पाहिले आहे. मुंबईचे गिरणगाव ज्या गावांनी भरले, तिथली घरे गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. २००१ ते २०११ दरम्यान रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. आणि ज्या मुंबईसाठी ते रिकामे झाले, त्या मुंबई शहर जिल्ह्याचीही लोकसंख्या त्याच दशकात ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आली, माणसे ठाणे जिल्ह्याच्या टोकाकडे ढकलली गेली. ओघ सरकत राहतो. तो आपल्या दारावरून जात असताना त्याला कायमचा समजणे ही खरी जोखीम आहे.

एका वयाच्या वस्तीचे पुढे काय होते, याचे ठळक उदाहरण जपानात आहे. टोकियोच्या पश्चिमेला तामा नावाचे नवे शहर आखले गेले आणि १९७१ पासून तिथे कुटुंबे राहायला आली. तरुण जोडपी, लहान मुले, भरलेल्या शाळा. पाचमजली इमारतींना लिफ्ट नव्हती, कारण तिशीतल्या माणसाला ती लागत नाही. चाळीस वर्षांनी तीच माणसे एकत्र म्हातारी झाली, शाळा बंद पडल्या, आणि वरच्या मजल्यावरच्यांना बाजारहाटासाठी खाली उतरणे हेच दिवसाचे मोठे काम झाले. इतके लांब जायचीही गरज नाही. निगडीचे प्राधिकरण १९७२ च्या स्थापनेनंतर कारखान्यांतल्या तरुण कामगारांसाठी आखले गेले. आज तिथल्या अनेक घरांत दोन वृद्ध आणि परगावची मुले असे चित्र आहे. पण प्राधिकरणाला निदान रुंद रस्ते, बागा आणि नकाशा तरी मिळाला. कळमनुरीच्या कडेच्या ज्या वस्त्या गुंठ्यागुंठ्यांनी उभ्या राहतात त्यांना तेवढेही मिळालेले नसते, आणि तिथे म्हातारपण आले की ते चिखलाच्या रस्त्यावर येईल.

दुसरी हरकत मला जास्त जड वाटते. भाड्याने राहा असे सांगणे सोपे, पण आडनाव ऐकून, जेवणात काय शिजते ते विचारून, वस्ती कोणती ते हेरून खोली नाकारली जाते. बौद्ध, मुसलमान, भटक्या समाजातल्या माणसाला स्वतःचा गुंठा हा गुंतवणुकीपेक्षा फार मोठा आधार असतो: तिथे त्याला कोणी उठवू शकत नाही. हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. ज्यांच्याकडे एकही छप्पर नाही त्यांच्या मालकीविरुद्ध माझे काहीच म्हणणे नाही. ती त्यांना मिळालीच पाहिजे. माझे म्हणणे ज्यांचे दुसरे घर शिल्लक आहे त्यांच्याबद्दल आहे, आणि धोरणाबद्दल. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात स्वतः बांधणाऱ्याला केंद्राचे दीड आणि राज्याचे एक लाख मिळतात, पण त्यासाठी आधी नावावर जागा लागते. म्हणजे ज्याला जागाच नाही तो आधीच बाहेर, आणि मदतीच्या आशेने छोटा का होईना प्लॉट घेण्याची घाई वाढते. याउलट राज्यानेच काढलेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना पाहा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला शिक्षणाच्या काळापुरता राहण्या-जेवणाचा खर्च थेट मिळतो. शिक्षणासाठीची निवाऱ्याची गरज ठरावीक वर्षांची असते, हे शासनाने तिथे ओळखले आहे. पण ते दहावीनंतरच्या एकट्या विद्यार्थ्यासाठी. पाचवीतल्या मुलीला घेऊन तालुक्याला आलेल्या आईसाठी कोणत्याच कागदावर जागा नाही.

भाड्याचे घर म्हणजे घरमालक आणि भाडेकरू यांचे कोर्टातले भांडण, ही समजूतही आपल्या भागात खोल आहे. मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद घरभाडे कायदा चालत होता. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तो आणि मुंबईचा १९४७ चा कायदा एका छत्राखाली आणले, आणि मुदतीचा लेखी करार नोंदवणे बंधनकारक झाले. मुदत संपली की जागा परत मिळण्याचा मार्ग त्यामुळे पूर्वीपेक्षा सरळ आहे, पण तालुक्याच्या गावात असे करार कोण करते? तोंडी बोली, महिन्याचे पैसे हातात, आणि दोन्ही बाजूंना भीती. नगर परिषदेने आपल्या मालकीच्या एखाद्या जागेवर वीस-तीस कुटुंबांपुरत्या दोन खोल्यांच्या जागा बांधल्या, शाळेच्या दाखल्यावर त्या ठरावीक वर्षांसाठी दिल्या आणि जातीधर्माचा प्रश्न दारातच बंद केला, तर खेड्यातून येणाऱ्या आईला प्लॉटसाठी एकरभर रान विकावे लागणार नाही. केंद्राच्या आवास योजनेत आता भाड्याच्या घरांचा स्वतंत्र भाग आहे. त्यात शहरी स्थलांतरित आणि नोकरदार स्त्रिया यांचा विचार आहे. मुलांच्या शिक्षणासाठी आलेल्या कुटुंबांचा विचार त्यात घालण्याची मागणी हिंगोलीसारख्या जिल्ह्याने करायला हवी, कारण हा प्रश्न महानगरातल्या धोरणकर्त्याला दिसतच नाही.

तो न दिसण्याचे एक कारण साधे आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, आणि तोवर पाणी, शाळा, रस्ते सगळे २०११ च्या आकड्यांवर चालले आहे. घरयादी करणारा गणक प्रत्येक घरापुढे उभा राहील, कोणी राहत नसेल तर रिकामे असे लिहील. चार दगडांमधल्या गवताच्या तुकड्यापुढे मात्र तो थांबणार नाही, कारण त्याच्या अर्जात छप्पर नसलेल्या जागेला रकाना नाही. ती मोजणी नगर परिषदेलाच करावी लागेल: किती ले-आऊट मंजूर, त्यांतल्या किती प्लॉटवर माणसे राहतात, किती प्लॉटचे मालक पुण्यात आहेत, आणि नियमाने सोडलेली दहा टक्के मोकळी जागा अजून मोकळी आहे की तिच्यावरही दगड रोवले गेले आहेत.