चतुराची कात

आजचं वाचन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला २२ वा श्लोक. जुनं वस्त्र टाकून नवं घालावं तसा देही शरीर बदलतो, हा आशय आपल्याला पाठच असतो. कुणी गेलं की कुणीतरी तो सांगतंच.

हल्ली सुट्टीच्या सकाळी मी पाषाण तलावाच्या काठी चतुरांच्या काती शोधतो. चतुर म्हणजे तो हेलिकॉप्टरसारखा उडणारा कीटक. त्याचं बालपण पाण्यात जातं. मग एके रात्री अळी गवताच्या काडीवर चढते, तिची पाठ उकलते आणि पंखवाला बाहेर येतो. मागे राहते पोकळ तपकिरी कात, पायांनी काडी घट्ट धरलेली. डोळ्यांचा आकार, पोटावरचे काटे, भक्ष्य पकडायचा घडीचा ओठ, सगळं जसंच्या तसं. भिंगातून हेच बघून जात ओळखायची. अंग काडीसारखं आणि शेपटाला पानांसारखे तीन कल्ले असले तर ती टाचणी. मोठा पाऊस झाला की मात्र सगळं वाहून जातं.

उडणारा चतुर दिसला म्हणजे तो इथलाच असं नाही, लांबून आलेला असू शकतो. कात सापडली की खात्री, हा याच पाण्यात वाढला. म्हणजे साक्ष देतं ते टाकलेलं वस्त्रच.

इथे मी अडखळतो. बाबांचा चष्मा अजून आईच्या कपाटात आहे. नात्यातले एक काका म्हणाले, "वहिनी, देह म्हणजे वस्त्र. मग या वस्तूंचा मोह कशाला?" आई काही बोलली नाही. पण मला वाटतं, श्लोक वस्त्र बदलतं एवढंच सांगतो. ते कवडीमोल आहे असं कुठे म्हणतो? अर्थात दृष्टान्त फार ताणायचा नाही. चतुर मेलेला नसतो, फक्त साल गेलेली असते. तेव्हा पुनर्जन्माचा पुरावा म्हणून कातीचा फोटो फॉरवर्ड करू नका, प्लीज.

कातीच्या आत पांढरे धागे लोंबताना दिसतात. ते श्वासनळ्यांचं अस्तर, बाहेर पडताना तेही ओढून निघतं. वस्त्र इतकं आतपर्यंत शिवलेलं असेल, तर "टाकून द्या" इतकं सहज कसं म्हणायचं? आणि मोह नेमका कशात? चष्मा जपण्यात, की त्यात बाबांना शोधत बसण्यात?

आई शोधत नाही. अधूनमधून काचा पुसते. परवा म्हणाली, "कुणाला देता येईल का रे? फ्रेम अजून चांगली आहे."