भीतीची वजाबाकी

साप पाळणाऱ्या माणसाला लोक हमखास विचारतात, ‘तो तुम्हाला ओळखतो का?’ ओहायोतल्या आमच्या घरी कॉर्न स्नेकचं पिल्लू आलं तेव्हा सांगलीहून आईनेही फोनवर तेच विचारलं. या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो. एवढं सगळं करता, त्याला त्याची काही जाण आहे का? कुत्रा दारात धावत येतो, मांजर पायात घोटाळतं, गाय हंबरते. साप यातलं काहीच करत नाही. मग त्याला हाताची सवय लावायची ती कशासाठी आणि कोणासाठी?

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. केशरी-तांबडं अंग, त्यावर काळ्या कडांचे तांबूस ठिपके. पूर्ण वाढला की तीन ते पाच फूट होतो आणि नीट सांभाळला तर १५-२० वर्षं जगतो. पाळण्यासाठी विकली जाणारी पिल्लं बहुतेक करून माणसाच्या देखरेखीखालीच जन्मलेली असतात. हा साप रानात सापडतो त्या जॉर्जिया राज्यात मात्र तो पाळायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग, धामण, अजगर घरात ठेवणं गुन्हा ठरतो, आणि ते योग्यच आहे. रानातलं रानात राहावं. पण जे पिल्लू पेटीतच जन्मलं आणि पेटीतच जगणार आहे, त्याची जबाबदारी कुणीतरी घेतलेली असते, आणि ती नीट कशी निभवायची हा खरा प्रश्न उरतो.

हे पिल्लू वीतभर लांब आणि पेन्सिलीपेक्षा बारीक असतं. शिकारी पक्षी, रॅकून, दुसरे साप अशा कितीतरी जणांचा तो एक घास. झाकण उघडून वरून हात आत आला की त्याला ती झडपच वाटते. माझ्या मुलीने सुरुवातीला पेटी उघडली की ते मान नागमोडी मागे खेचायचं आणि शेपटीचं टोक इतक्या वेगाने थरथरवायचं, की कोरड्या भुशातून खर्रर्र आवाज यायचा. एकदा त्याने तिच्या बोटावर झेपही घेतली. दात टेकल्याचं तिला जेमतेम जाणवलं. पण तेवढ्याशा जिवाने आपल्याकडचं होतं नव्हतं ते सगळं बळ त्या झेपेत लावलं होतं.

अशा पिल्लासाठी जाणते लोक जे नियम सांगतात, ते बहुतेक आपला हात आवरण्याचेच आहेत. घरी आणल्यावर आठवडाभर त्याला शिवायचं नाही. पेटीत लपायला दोन जागा द्यायच्या, एक उबदार बाजूला, एक गार बाजूला. म्हणजे ऊब घ्यावी की आडोसा, असा पेच त्याला पडत नाही. ते खायला लागलं, रुळलं, की मग हात लावायचा. खाल्ल्यानंतर दोन दिवस पुन्हा नाही, कारण घाबरलेला साप गिळलेलं ओकून टाकतो आणि पिल्लाच्या ते जिवावर बेतू शकतं. कात टाकायची वेळ आली की डोळ्यांवर निळसर साय धरते, नीट दिसत नाही आणि ते आणखी बिचकतं, तेव्हाही नाही. आधी हात साबणाने धुवायचे, नाहीतर उंदराचा वास असलेलं बोट त्याला भक्ष्यच वाटतं. नंतरही धुवायचे, कारण सापाच्या अंगावर साल्मोनेलाचे जिवाणू असू शकतात. हात बाजूने, खालच्या अंगाने न्यायचा. मान पकडायची नाही. सगळ्या अंगाला आधार मिळेल असं तळव्यावर घ्यायचं आणि ते पुढे सरकलं की दुसरा तळवा पुढे करायचा. सुरुवातीला काही मिनिटं पुरतात.

या सावकाशीमागे पक्कं शास्त्र आहे. एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल मिळालं ते ज्या संशोधनासाठी, त्यात अप्लायसिया नावाच्या सागरी गोगलगाईवरचे प्रयोग मोलाचे ठरले. तिला हलकेच स्पर्श केला की ती कल्ले आत ओढून घेते. तोच स्पर्श पुन्हा पुन्हा होत राहिला आणि त्यातून काही वाईट घडलं नाही, की तिचं आकसणं कमी होत जातं. पण तिच्या शेपटीला विजेचा झटका दिला, तर त्यानंतर साध्या स्पर्शालाही ती पूर्वीपेक्षा जोरात आकसते. म्हणजे अनुभव भीती घटवतो तसाच वाढवतोही. स्पर्श नुसता वारंवार होऊन भागत नाही, तो सोसवेल इतकाच असावा लागतो.

आणि साप शिकत नाही असं मानायलाही जागा नाही. रॉचेस्टर विद्यापीठातल्या डेव्हिड होल्ट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कॉर्न स्नेकची पिल्लंच घेतली होती. उघड्या रिंगणात ठेवल्यावर लपायला नेणारं नेमकं भोक कुठलं, हे ती सरावाने शिकली. जे पिल्लू आडोशाचा रस्ता शिकतं, ते हाताबद्दलही शिकणारच. झेप घेतली की हात पळतो, हेही ते शिकतं. म्हणून झेपेची वेळच येऊ न देणं आणि ते शांत असताना त्याला परत ठेवणं, यात खरं कसब आहे.

इथेच एक मोठी फसगत होते. ‘रोज तासभर हातात धरा, आपोआप मऊ पडेल,’ असं सांगणारे भेटतात. पोहायला शिकवायचं म्हणून पोराला विहिरीत ढकलून द्यायचं, त्यातलाच हा प्रकार. साप मऊ पडलेला दिसतोही. पण त्याने अंग ताठ धरलेलं असतं, डोकं वेटोळ्यात खुपसलेलं असतं, जीभ बाहेर येत नाही, श्वास मात्र जोरात चाललेला असतो. सुटकेचा मार्ग संपल्यावर आलेली ती शरणागती असते. निवांत साप वेगळा दिसतो. अंग सैल पडून बोटांभोवती हलकी पकड घेतं, जीभ सावकाश लपलपते, तो इकडेतिकडे जाऊन पाहतो. दोघेही चावत नाहीत, म्हणून वरवर पाहणाऱ्याला ते सारखेच वाटतात. माझ्या मते हाताळणाऱ्याची कसोटी हा फरक ओळखण्यात आहे. प्रतिकार थांबला म्हणजे भीती गेली, ही समजूत बलवानाला फार सोयीची असते. घरात आणि शाळेत मुलांच्या बाबतीतही आपण ती सर्रास वापरतो.

मग हाताळायचंच कशाला, असं कुणी म्हणेल. त्याला पेटीतच राहू द्यावं. हा आक्षेप मला रास्त वाटतो. नुसती हौस म्हणून, पाहुण्यांना दाखवायला म्हणून सापाला हातात घेऊ नयेच. पण पेटी साफ करावी लागते, आजारपणात डॉक्टरकडे न्यावं लागतं, अंगावर अडकलेली कात पाहावी लागते. माणसाचा हात त्याच्या आयुष्यात पंधरा-वीस वर्षं येतच राहणार. दर वेळी जिवाच्या भीतीने थरथरायचं की नाही, एवढंच ठरायचं असतं. ती भीती कमी करणं हे आपलं देणं आहे, कारण त्याला पेटीत ठेवायचा निर्णय आपण घेतलेला असतो.

आपल्या बोलण्यात साप डूख धरतो आणि पाजलेल्या दुधाला जागत नाही. पहिल्यात सुडाची धास्ती आहे, दुसऱ्यात कृतघ्नतेची तक्रार. साप दूध पिणारा प्राणीच नाही, आणि त्याच्या वागण्यात सूडही नाही, उपकारफेडही नाही. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली पुण्यात बहुतेक विषारी असलेल्या ७२ सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास काढले, ते डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे लोकांना दाखवण्यासाठी. त्या सापांनी त्यांच्यावर कोणतीही मेहेरबानी केली नव्हती. त्यांना धोका जाणवला नाही, एवढंच.

माझी मुलगी अधूनमधून विचारते, “आई, त्याला मी आवडत असेन का गं?” आवड म्हणता येईल असं काही त्याच्यात आहे, असं मला वाटत नाही, आणि मी तिला तसंच सांगते. ते आता तिच्या तळव्यावरून मनगटाकडे सावकाश सरकतं, शेपूट थरथरवत नाही. आणखी काही वर्षांनी ती शिकायला बाहेर पडेल, साप इथेच राहील आणि दुसरे हात त्याची पेटी साफ करतील. त्या हातांनाही तो बिचकणार नाही, अशी मला आशा आहे. तसं झालं तर ते तिच्या कामाचं फळ असेल, आणि तिने ते काम केलं हे त्याला कधीच कळणार नाही. परतफेड होणार नाही हे ठाऊक असूनही एखाद्या जिवाशी जपून वागणं तिला जमतं आहे. तिच्या वयात यापेक्षा मोठं शिक्षण मला सुचत नाही.