समासातला प्रश्न

सहावीत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध आला. वर्गातल्या बहुतेक वह्यांत तोच मोर नाचला, तेच इंद्रधनुष्य उमटलं, कारण निबंधांचं पुस्तक सगळ्यांकडे एकच होतं. माझ्याकडे तेही नव्हतं. मग मी आमचं घर कसं गळतं ते लिहिलं. कोपऱ्यात पितळी पातेलं, उंबऱ्याशी जर्मनचं भगुणं, आणि दोन्हींत पडणाऱ्या थेंबांचा निरनिराळा आवाज. वही परत आली तेव्हा बाईंनी समासात तांबड्या शाईनं लिहिलं होतं, ‘मग आजी कुठे झोपली?’

‘छान’ नाही, ‘अक्षर सुधारा’ नाही. कुणाला तरी खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या रात्री उत्तर लिहायला बसले आणि दीड पान झालं. आजी झोपलीच नव्हती, रात्रभर भांडी ओतून पुन्हा जागेवर ठेवत होती, हे लिहिता लिहिताच माझ्या ध्यानात आलं.

कौतुकानं मुलं लिहिती होतात असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. कौतुक झालं की मूल पुन्हा तसंच लिहायला जातं. आपण सांगितलेलं कुणी मन लावून वाचतंय, त्याला पुढचं हवंय, हे कळलं की मात्र ते स्वतःच्या आठवणीत आणखी खोल उतरतं.

पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे मला इथे सारखी आठवते. मातंग समाजातल्या या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’नं छापला. त्यात ती आपल्या बायकांच्या बाळंतपणाबद्दल लिहिते, तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं हे सांगते. वेद वाचायची ज्यांना मुभा नाही त्यांचा धर्म कोणता, असं ती थेट विचारते. माझं गळकं घर त्या दुःखाच्या जवळपासही येत नाही. पण तिचा निबंध कुठल्याच पुस्तकातून उतरवता आला नसता, एवढं नक्की. शाळेनं तिला अक्षरं दिली. विषय तिनं घरून आणला, आणि तो शाळेबाहेर ठेवून ये असं तिला कुणी म्हटलं नाही. फुल्यांच्या शाळेचं मोठेपण मला यातही दिसतं.

मुलांचं लिहिलेलं मन लावून वाचणं जसं, तसंच त्यांच्यासाठी लिहिणंही. अंमळनेरला साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढत. मोठं माणूस आपल्यासाठी लिहितंय, हे त्या मुलांना रोज दिसत होतं.

आजीला अक्षरओळख नव्हती. माझं दीड पान मी तिला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘एक भांडं राहिलं की गं. देव्हाऱ्यापुढं तांब्या ठेवला होता मी.’

मी पुन्हा वही उघडली.