मद्यासक्ती आणि मेंदूतील ग्राही : एका कल्पनेची वाटचाल

औषध रक्तावाटे शरीरभर पसरले, तरी त्याचा परिणाम पेशींवरील काही ठरावीक जागांशी त्याची गाठ पडल्यावरच घडतो, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी रुजली. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन लँग्ली यांनी १९०५ साली निकोटीन आणि क्युरारे यांच्या स्नायूंवरील परस्परविरोधी परिणामांवरून स्नायूपेशीत एखादा ‘ग्रहणशील पदार्थ’ असला पाहिजे, असे अनुमान काढले. जर्मनीत पाउल एर्लिख हेही वेगळ्या वाटेने अशाच निष्कर्षाला आले होते. पेशीच्या आवरणात रुतलेल्या आणि विशिष्ट रेणू येऊन चिकटला की पेशीच्या वागण्यात बदल घडवणाऱ्या या प्रथिनांना आज ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. ग्राही ओळखायचा, त्याला चिकटणारा किंवा त्याची वाट अडवणारा रेणू घडवायचा आणि त्यातून औषध मिळवायचे, ही रीत विसाव्या शतकात कमालीची यशस्वी ठरली. मद्यार्क मात्र या चौकटीत बसायला दीर्घकाळ तयार नव्हता.

याचे कारण त्या रेणूच्या साधेपणात आहे. मॉर्फिनचे काही मिलिग्रॅम वेदना शमवायला पुरतात, तर नशा चढण्यासाठी मद्यार्क काही ग्रॅम, किंबहुना कित्येक ग्रॅम पोटात जावा लागतो. इतक्या मोठ्या प्रमाणात लागणारा आणि दोन कार्बन अणूंपलीकडे फारशी रचनाच नसलेला हा रेणू एखाद्या ग्राहीला अचूक ओळखत असेल, हे शास्त्रज्ञांना पटत नव्हते. शिवाय हान्स मायर यांनी १८९९ मध्ये आणि चार्ल्स ओव्हरटन यांनी त्यानंतर दोन वर्षांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असे दाखवले होते की भूल आणणारा पदार्थ ऑलिव्हच्या तेलात जितका अधिक विरघळतो तितका तो अधिक प्रभावी असतो. यावरून मद्यार्क मज्जापेशींच्या मेदमय आवरणात शिरून ते सैल करतो आणि त्यामुळे नशा येते, हे स्पष्टीकरण जवळजवळ ऐंशी वर्षे मान्य राहिले. या मताचा उपचारांच्या दृष्टीने अर्थ निराशाजनक होता. कारण मद्याचे विशिष्ट लक्ष्यच नसेल, तर त्याच्यावर औषधाने नेम धरायचा कोठे, हा प्रश्न अनुत्तरितच राहत होता.

त्या काळात मद्यासक्तीवर जे प्रमुख औषध प्रचारात आले, ते म्हणूनच मेंदूशी नव्हे, तर यकृताशी संबंधित होते. रबराच्या उद्योगातून परिचित असलेल्या डायसल्फिराम या रसायनाचा मद्याशी होणारा उपद्रवी संयोग डेन्मार्कचे येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन यांनी १९४८ मध्ये जगापुढे मांडला. मद्यार्कापासून यकृतात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते; त्याचे पुढचे विघटन करणाऱ्या विकराला डायसल्फिराम रोखते. त्यामुळे गोळी घेऊन दारू प्यायलेल्या माणसाचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते आणि ओकाऱ्या होतात. ही शिक्षेची योजना होती, इच्छेवरचा उपचार नव्हे. जेवणात नकळत औषध मिसळून दारू सोडवण्याच्या ज्या जाहिराती महाराष्ट्रातही दिसतात, त्यांच्यामागे शिक्षेचीच कल्पना आहे, आणि डायसल्फिरामच्या बाबतीत तर असे चोरून देणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

चित्र बदलले ते १९८० च्या दशकात. १९८४ साली निक फ्रँक्स आणि विल्यम लिब यांनी, मेदाचा लवलेशही नसलेल्या काजव्यातील एका प्रथिनावर भूलद्रव्यांचा तसाच परिणाम होतो असे दाखवून मेदाच्या सिद्धांताचा पाया हलवला. पुढे १९८९ मध्ये मद्यार्क ग्लुटामेट या उत्तेजक चेतापारेषकाच्या एनएमडीए या ग्राहीला दाबतो, हे आढळले. १९९७ मध्ये, गाबा या शामक चेतापारेषकाच्या ग्राहीत मोजक्याच अमिनो आम्लांची अदलाबदल केली की त्यावरील मद्यार्काचा प्रभाव नाहीसा होतो, असेही दिसून आले. लक्ष्य अखेर सापडले, असे वाटावे असाच हा काळ होता. रोश कंपनीच्या आरओ १५-४५१३ या संयुगाने तर १९८६ साली उंदरांमधील नशेची काही लक्षणे उतरवून दाखवली, आणि शुद्धीवर आणणाऱ्या गोळीची चर्चा सुरू झाली. परंतु ते संयुग औषध म्हणून पुढे आले नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट होते : मद्यार्काचा रेणू कोठे बसतो हे कळणे आणि माणूस दारूकडे पुन्हा पुन्हा का वळतो हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मद्यार्काच्या स्वतःच्या लक्ष्यांवर सापडले नाही.

ते एका चुकलेल्या तर्काच्या आधाराने सापडले. १९७० मध्ये मांडल्या गेलेल्या एका गृहीतकानुसार मद्यापासून निघणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड डोपामिन या चेतापारेषकाच्या विघटनात अडथळा आणते आणि त्यामुळे मेंदूतच मॉर्फिनसारखे अल्कलॉइड तयार होते, आणि म्हणून मद्यासक्ती ही वस्तुतः अफूच्या व्यसनाचीच छुपी आवृत्ती ठरते. असे द्रव्य तयार होण्याचे प्रमाण फारच अल्प असल्याने हे गृहीतक मागे पडले. परंतु १९७३ मध्ये मेंदूत अफूचे ग्राही आणि १९७५ मध्ये अ‍ॅबर्डीन येथे जॉन ह्यूज व हान्स कोस्टरलिट्झ यांना मेंदूची स्वतःची अफूसदृश द्रव्ये सापडल्यावर, त्याच दिशेने पाहण्याचे समर्थन मिळाले. मद्यपानाने ही आंतरिक द्रव्ये स्रवतात आणि त्यांच्यामुळे आनंदाशी निगडित डोपामिनची यंत्रणा चाळवते, असे दिसू लागले. माकडांना नाल्ट्रेक्सोन हे अफूच्या ग्राहीची वाट अडवणारे औषध दिले असता त्यांचे मद्यपान घटते, हेही १९८० मध्ये आढळले.

फिलाडेल्फियात जोसेफ व्होल्पिसेली आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचे महत्त्व याच पार्श्वभूमीवर कळते. सत्तर मद्यासक्त माजी सैनिकांपैकी काहींना बारा आठवडे रोज ५० मिलिग्रॅम नाल्ट्रेक्सोन आणि उरलेल्यांना औषधविरहित गोळ्या देण्यात आल्या. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी ५४ टक्के पुन्हा मोठ्या प्रमाणावर पिऊ लागले, तर औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण २३ टक्के होते. यातला खरा बोलका भाग वेगळाच आहे. उपचारादरम्यान ज्यांनी एकदा तरी दारू चाखली, त्यांपैकी औषधविरहित गटातील २० जणांत १९ घसरले. औषध घेणाऱ्या १६ जणांत मात्र फक्त ८. म्हणजे नाल्ट्रेक्सोन पहिला घोट टाळत नव्हते, तर पहिल्या घोटानंतर दुसऱ्याची ओढ लावणारे बक्षीस कमी करत होते. अमेरिकी औषध प्रशासनाने १९९४ अखेरीस या वापरास मान्यता दिली. पुढे जॉन डेव्हिड सिंक्लेअर यांनी फिनलंडमध्ये याच आधारावर असा युक्तिवाद केला, की संपूर्ण वर्ज्यतेचा आग्रह न धरता पिण्यापूर्वी औषध घ्यावे, म्हणजे बक्षिसाविना सवय हळूहळू झिजेल. एका ग्राहीच्या शोधाने उपचाराचे ध्येयच बदलून जाते, ही या इतिहासातली सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणावी लागेल.

अकॅम्प्रोसेट या औषधाची कथा मात्र उलट दिशेने जाते. दीर्घ मद्यपानानंतर दारू सुटली की मेंदूत ग्लुटामेटची अवाजवी खळबळ माजते. हे औषध एनएमडीए ग्राहीद्वारे ती आवरते, असे वर्षानुवर्षे पाठ्यपुस्तकांत सांगितले जात होते. १९८९ पासून फ्रान्समध्ये वापरात असलेल्या या औषधाविषयी २०१३ मध्ये मानहाइमच्या संशोधकांनी मांडले, की प्राण्यांमधील त्याचा गुण बहुधा रेणूचा नसून त्यासोबतच्या कॅल्शियमचा असावा. अमेरिकेतील १,३८३ रुग्णांच्या २००६ च्या मोठ्या चाचणीत नाल्ट्रेक्सोनचा उपयोग दिसला, अकॅम्प्रोसेटचा दिसला नाही. तरी युरोपातील अनेक चाचण्या आणि एकत्रित विश्लेषणे त्याच्या बाजूने आहेत. लक्ष्य ठाऊक असणे ही औषधाच्या यशाची अट नाही, आणि हमीही नाही. तणावाशी निगडित सीआरएफ-१ या ग्राहीला अडवणारी औषधे उंदरांवर उत्तम चालली आणि मानवी चाचण्यांत निष्फळ ठरली, हे त्याचे दुसरे टोक. फ्रान्समध्ये ऑलिव्हिए अमेझां या हृदयरोगतज्ज्ञाने बॅक्लोफेन या गाबा-बी ग्राहीवरील जुन्या औषधाने आपले व्यसन सुटल्याचे २००४ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केले. त्यानंतर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी निघाले, तरी २०१८ मध्ये फ्रान्सने रोज ८० मिलिग्रॅमच्या मर्यादेत त्यास परवानगी दिली.

आज नजर आणखी एका अनपेक्षित जागेकडे वळली आहे. जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाचे ग्राही मेंदूतही असून, मधुमेह व स्थूलतेवर दिले जाणारे सेमाग्लुटाइड ४८ मद्यपींपैकी काहींना नऊ आठवडे देऊन पाहिले असता, त्यांची पिण्याच्या दिवशीची मात्रा आणि ओढ कमी झाल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत आढळले. हा पुरावा आशादायक आहे, निर्णायक नाही. आजवरच्या औषधांचा गुणही माफकच म्हणावा लागेल. नाल्ट्रेक्सोनच्या बाबतीत साधारण बारा जणांना औषध द्यावे, तेव्हा एकाची मोठ्या प्रमाणावर पिण्याकडची घसरण टळते. मात्र हा माफक गुणसुद्धा बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. भारतात नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट आणि बॅक्लोफेन ही तिन्ही औषधे उपलब्ध आहेत. पण २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यावर अवलंबून झालेल्या ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीलाच कोणता ना कोणता उपचार मिळतो.