आवळलेली मूठ

इंग्रज चित्रकार मिलेस यांच्या ‘द नॉर्थ-वेस्ट पॅसेज’ या १८७४ सालच्या चित्रात एक निवृत्त, वृद्ध दर्यावर्दी बसला आहे. समोर नकाशा पसरला आहे. पायांशी बसलेली तरुणी त्याला जहाजाची जुनी नोंदवही वाचून दाखवीत आहे. कॅनडाच्या उत्तरेकडील हिमसागरातून पॅसिफिकला जाण्याचा मार्ग तोवर कोणत्याही जहाजाने पार केला नव्हता. त्यापायी १८४५ साली निघालेल्या फ्रँकलिनच्या मोहिमेतील १२९ जण परतले नाहीत. तरीही वृद्धाची मूठ आवळलेलीच आहे.

आपले अपुरे कार्य माणसाने मुठीत धरून ठेवावे काय? आयुष्यभराची निष्ठा सहज सुटत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आपल्या स्वप्नाची किंमत इतरांच्या मुलांनी मोजावी, हा हट्ट निष्ठा नव्हे. पुढे तो मार्ग १९०३ ते १९०६ या काळात पार केला तो नॉर्वेच्या अमुंडसेनने, परक्या देशाच्या माणसाने!

मंदिरातील वृद्ध शिमोनाने बाळ येशूला हातांवर घेतले आणि समाधानाने देवाकडे निरोप मागितला. तारणकार्य पुढे घडायचे होते. ते पाहण्याचा हट्ट त्याने धरला नाही. आम्हा धर्मगुरूंना आणि घरोघरीच्या आईवडिलांना हाच धडा कठीण जातो. देव आपले कार्य कोणाच्याही हातून पुरे करील. आपण मूठ तेवढी उघडावी.