गुण न आलेल्यांची वही

आजारी माणसाला भेटावयास रिकाम्या हाताने जाऊ नये, असा आपल्याकडे दंडक आहे आणि कोल्हापूरकर तो कसोशीने पाळतात. कोणी शहाळे आणतो, कोणी मोसंबी. आणि ज्याला वाटेत काहीच घ्यावयाचे सुचले नाही, तो निदान एक औषध तरी सांगतोच. पन्हाळ्याच्या बाजूला कोणी म्हातारा मुळी उगाळून देतो. भुदरगडात कोणी उपाशीपोटी काढा पाजतो. कोणाच्या साडूला डॉक्टरांनी हात टेकल्यावर त्यानेच उठवून बसवले. सांगणाऱ्याचा हेतू सोन्यासारखा असतो. म्हणूनच त्याला नाही म्हणणे जड जाते.

असल्या सल्ल्यांची चेष्टा करण्याचा माझा स्वभाव नाही. आल्याचा रस, अडुळशाचा काढा, ओव्याची पुरचुंडी ह्यांवर आमच्या दोन पिढ्या वाढल्या. सर्दी आपोआपही बरी होते. तिचे श्रेय काढ्याला मिळाले तर त्यात कोणाचे नुकसान नाही. प्रश्न उभा राहतो तो दुखणे जिवावरचे असते तेव्हा. तेथे चुकीला परतीची वाट नसते, आणि सल्ला देणारा सल्ला देऊन घरी जातो.

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत आमच्या घरात दोनदा आला. पहिल्यांदा आला तो माझ्या चुलत बहिणीच्या निमित्ताने. तिला आम्ही सारे आक्का म्हणतो. तिच्या छातीत गाठ निघाली. तपासणीत ती कर्करोगाची ठरली. मात्र रोग अजून इतरत्र पसरलेला नव्हता. शिवाजी पेठेत तिच्या सासरी बैठक बसली. नवरा शस्त्रक्रियेच्या बाजूचा, मामंजी झाडपाल्याच्या.

मामंजींची बाजू अडाणीपणाची होती असे कोणी समजू नये. त्यांच्या सख्ख्या भावाच्या दुखण्यात शेत विकले गेले होते आणि शेवटी तो परक्या गावी, काचेच्या दाराआड, घरचे एकही माणूस जवळ नसताना गेला होता. आक्काला प्रथम ज्या मोठ्या डॉक्टरकडे नेले, त्याने कागदावरची नजर वर न उचलता चार वाक्यांत निकाल सांगितला होता. उलट राधानगरीकडचा तो औषध देणारा तासभर समोर बसला. नाडी पाहिली, झोप विचारली, जेवण विचारले, माहेर विचारले. भ्यालेल्या माणसाला ह्यातले कोण आपले वाटेल, हे सांगावयास नको. झाडपाल्याकडे लोक जातात ते पुष्कळदा पाल्यासाठी नव्हे, त्या तासासाठी जातात. आणि हे आपल्या डॉक्टरमंडळींनी मनावर घेतले पाहिजे.

निर्णय अखेर आक्कानेच घेतला. ती स्वतः त्या म्हाताऱ्याकडे गेली आणि एकच प्रश्न विचारला: “बाबा, तुमच्या औषधानं ज्यांना गुण आला त्यांची नावं ऐकली. ज्यांना आला न्हाई, त्यांची सांगा.” म्हातारा सच्चा होता. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “गुन आला की मानूस नारळ घिऊन येतंय, लेकी. ज्येला न्हाई आला, त्यो पुन्ना येत न्हाई.”

मला वाटते, ह्या सबंध वादाचे मर्म त्या उत्तरात आहे. म्हातारा खोटे बोलत नव्हता. त्याच्या ओसरीवर गेली चाळीस वर्षे फक्त बरे झालेलेच लोक परत येत होते; त्याने पाहिलेले जग सगळे बरे झालेल्यांचे होते. न आलेल्यांची वही त्याच्यापाशी नव्हती, आणि ती ठेवावी असे त्याला कोणी शिकवले नव्हते. शिवाय आपली भाषाही अशा वेळी औषधाच्या बाजूने उभी राहते. गुण आला तर तो औषधाचा. न आला तर पथ्य मोडले असेल, श्रद्धा कमी पडली असेल, उशिराच आला असेल. म्हणजे यश औषधाचे आणि अपयश रोग्याचे. मरणाऱ्या माणसावर त्याच्याच मरणाचा दोष ठेवणे ह्याहून मोठा अन्याय मला सुचत नाही.

डॉक्टरी विद्येचा मोठेपणा माझ्या मते एवढाच आहे, पण तो थोडा नाही: ती ही वही ठेवते. तिनेही माणसे बिघडवली आहेत. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ पासून जर्मनीत निर्धास्तपणे विकले गेले, गरोदर बायकांनी घेतले, आणि हजारो मुले हातापायांची वाढ खुंटलेली अशी जन्मली. पण त्या मुलांची मोजणी कोणी तरी केली, म्हणून १९६१ मध्ये ते औषध बाजारातून उठले. मोजणीच नसती तर ते आजही कोणाच्या ओसरीवर मिळत राहिले असते.

अशीच एक मोजणी अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ साली प्रसिद्ध केली. दूरवर न पसरलेला कर्करोग झालेल्या, पण डॉक्टरी उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ रोग्यांची तुलना त्यांनी रूढ उपचार घेतलेल्या, तशाच दुखण्याच्या ५६० रोग्यांशी केली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कर्करोगात तर साडेपाच पटींहूनही अधिक. हे आकडे झाडपाल्याच्या द्वेषातून आलेले नाहीत. जे नारळ घेऊन परतले नाहीत, त्यांची नावे कोणी तरी लिहून ठेवली, इतकेच.

“पण झाडपाला नैसर्गिक असतो, त्याने अपाय तरी होत नाही,” असे ह्यावर हमखास म्हटले जाते. ह्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या रानात उभे आहे. राधानगरी, आजरा, चंदगडच्या जंगलांत नरक्या नावाचे एक लहानसे झाड आहे. त्याच्या दुर्गंधीमुळे त्याला हे नाव पडले असावे. हे झाड चोरून तोडल्याच्या, त्याच्या लाकडाचे तुकडे पोत्यांत भरून नेताना पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. कारण त्या लाकडात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते आणि त्यापासून कर्करोगावरची औषधे बनतात. हेच द्रव्य प्रथम एका चिनी झाडातून वेगळे काढले गेले १९६६ मध्ये, अमेरिकेत; काढणारे मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, जन्म १९२५ चा.

मग नरक्याची साल उगाळून का पिऊ नये? तर ह्या द्रव्याच्या चाचण्या १९७० च्या सुमारास माणसांवर सुरू झाल्या तेव्हा त्याने रोग्यांच्या मूत्राशयातून रक्त जाऊ लागले, आणि त्या थांबवाव्या लागल्या. पेशी दुभंगताना तिच्यातल्या आनुवंशिक धाग्याचा पीळ उकलावा लागतो. हे द्रव्य नेमके ते उकलणे अडवते. रोगट पेशी सतत दुभंगत असतात म्हणून त्या मरतात. पण निरोगी पेशींनाही तो फटका बसतोच. द्रव्यात फेरफार करून, मात्रा ठरवून, इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही त्याची सुधारलेली रूपे अमेरिकेत वापरात यावयास १९९६ साल उजाडले. म्हणजे झाड सापडण्यापासून औषध हाती येण्यापर्यंत तीस वर्षे गेली. ती तीस वर्षे वहीची होती.

तेव्हा झाडपाला एका बाजूला आणि गोळी दुसऱ्या बाजूला, ही वाटणीच मला खरी वाटत नाही. आपल्या तुळशीवृंदावनाशेजारी फुलणाऱ्या सदाफुलीतून लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचे व्हिन्क्रिस्टीन निघाले. सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी रोग्यांच्या नोंदी ठेवून १९४९ मध्ये जगापुढे मांडला. आणि आमच्या आक्काला शस्त्रक्रियेनंतर सलाइनमधून जी औषधे दिली, त्यांपैकी एक मुळात यू नावाच्या झाडाच्या सालीतून मिळालेले. तेही वॉल आणि वाणी ह्यांनीच १९७१ मध्ये जगापुढे आणलेले. हे मी मामंजींना सांगितले तेव्हा ते प्रथमच हसले. म्हणाले, “म्हंजे शेवटी झाडपालाच की!” मी म्हटले, “होय मामंजी, पण मोजलेला.”

आयुर्वेदाला मी ह्या म्हाताऱ्याच्या मुळीबरोबर एका तराजूत घालीत नाही. चरकाने वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाय सांगितले. रोगांचे साध्य, कष्टसाध्य, याप्य आणि असाध्य असे भेद केले. आपल्या हातून काय होणार नाही हे आधी ओळखावे, ही शिस्त त्यात आहे. ‘सर्व रोगांवर रामबाण’ म्हणणारा माणूस म्हणूनच चरकाचाही शिष्य नव्हे. अशा जाहिरातींना आळा घालणारा कायदा आपल्या देशात १९५४ पासून आहे आणि त्यातल्या रोगांच्या यादीत कर्करोगही आहे. पण सोयऱ्याधायऱ्यांच्या तोंडाला कायदा काय करणार?

ही शिस्त मूर्तिमंत पाहावयाची तर १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये जावे लागेल. कस्तुरबा तेथे स्थानबद्ध होत्या आणि अत्यवस्थ होत्या. डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नय्यर उपचार करीत होते. त्यांना यश येईना, तेव्हा सरकारची परवानगी काढून वैद्य शिव शर्मा ह्यांना बोलावले. रात्री आत राहण्यास मनाई, म्हणून हा मोठा वैद्य फाटकाबाहेर मोटारीत झोपे. काही दिवस त्यांनी शर्थ केली. मग आपले उपाय थकले असे सांगून रोगी पुन्हा डॉक्टरांच्या स्वाधीन केला. पेनिसिलिन तेव्हा अगदी नवे होते. देवदास गांधींनी त्याची व्यवस्था केली होती. पण दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटले. २२ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या दिवशी, बा गेल्या.

ह्या नकाराबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले. त्या घडीला पेनिसिलिनने बा वाचल्या असत्या असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये. पण निसर्गोपचाराचे पुरस्कर्ते असलेल्या ह्याच गांधीजींनी १९२४ च्या जानेवारीत ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक ह्यांच्याकडून आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली होती, हेही विसरू नये. स्वतःच्या देहापुरते मत बदलण्याचा किंवा न बदलण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. दुसऱ्याच्या देहाविषयी ठरवताना हात कापावा. त्या दिवसांतून माझ्या मनात कोणी राहून गेले असेल तर ते वैद्य शिव शर्मा. मोटारीत झोपून झुंजणारा आणि तरीही वेळीच ‘माझे हात टेकले’ म्हणू शकणारा वैद्य कोणत्याही पंथाचा असो, त्याच्या हाती माणूस द्यावा.

आमच्या घरात हा प्रश्न दुसऱ्यांदा आला तो आबांच्या वेळी. ते माझे थोरले चुलते. वय ऐंशीच्या पुढे; रोग यकृतापर्यंत पोचलेला. ह्या वेळच्या डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली आणि स्पष्ट सांगितले की, उपचारांनी काही आठवडे वाढतील, पण ते बहुतेक रुग्णालयातच जातील. आबांनी नको म्हटले. ते घरी आले, दारच्या आंब्याखाली खाट टाकून घेतली, आणि गावाकडून आलेला काढा रोज घोटभर आवडीने घेऊ लागले. तोच काढा, तशीच श्रद्धा. पण येथे मला त्यात काडीचेही गैर दिसले नाही. त्या काढ्याने कोणत्याही उपचाराची वेळ खाल्ली नव्हती. वेदनेसाठी डॉक्टरांनी मॉर्फीन दिले होते, तेही अफूच्या बोंडातून आलेले. आबा शांतपणे गेले.

आक्काच्या बाबतीत जे पाप ठरले असते ते आबांच्या बाबतीत पुण्य का ठरले? कारण आक्काच्या हाती वेळ होता आणि तो कोणी तरी गोड बोलून काढून घेणार होते. साध्य रोगातला एकेक महिना म्हणजे रोग्याची ठेव. ती उधळण्याचा अधिकार सल्ला देणाऱ्याला नाही, सासऱ्याला नाही, नवऱ्याला नाही. लहान मुलाच्या बाबतीत तर आईबापांनाही नाही, कारण तेथे पणाला लागलेला जीव त्यांचा नसतो. असाध्य रोगात मात्र रोग्याने काय प्यावे आणि कोठे निजावे हे त्यालाच ठरवू द्यावे. तेथे शास्त्राचा हट्टही अंधश्रद्धेइतकाच क्रूर होऊ शकतो.

आणि ज्याला सल्ला द्यावयाचाच असेल, त्याने आधी स्वतःला विचारावे: हे औषध फसले तर मी ह्या घरी पुन्हा येईन का? येण्याचे धैर्य नसेल, तर नुसते शहाळे द्यावे.

आक्का आता दर सहा महिन्यांनी तपासणीला जाते. पुढचे कोणी सांगावे? पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सलाइनच्या प्रत्येक खेपेला तिच्या उशाशी मामंजी बसत. घोंगडी पांघरून, तास न् तास. झोप विचारीत, जेवण विचारीत, माहेरचे विचारीत. राधानगरीच्या म्हाताऱ्यापाशी जे खरोखर औषध होते ते त्यांनी बरोबर उचलले होते, आणि त्याला रुग्णालयात कोणाचीच हरकत नव्हती.